ज्येष्ठांचा हृदयविकार : झटक्यानंतरच्या आयुष्याचा मागोवा

हृदयविकाराचा झटका किती तीव्र आहे, हे मुख्यतः हृदयाच्या स्नायूचा किती भाग निकामी झाला यावर ठरते. अमेरिकेतील थॉमस किलिप आणि जॉन किमबॉल यांनी १९६७ साली २५० रुग्णांच्या नोंदींवरून या तीव्रतेच्या चार श्रेणी केल्या. हृदय थकल्याची एकही खूण नसलेल्या पहिल्या श्रेणीत रुग्णालयातील मृत्यू ६ टक्के होते. चौथ्या श्रेणीत, जिथे रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात आणि लघवी कमी होते, तिथे ते ८१ टक्के होते. या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. वाढत्या वयात तिचा धोका वाढतो, कारण मधुमेह, उच्च रक्तदाब आणि एकाहून अधिक धमन्यांतील अडथळे आधीच असतात. शिवाय वृद्धांच्या छातीत कळ येईलच असे नाही. नुसती धाप लागते, भोवळ येते किंवा गळून गेल्यासारखे वाटते, आणि रुग्णालय गाठायला उशीर होतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपचार म्हणजे प्रामुख्याने सक्तीची विश्रांती होती. रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणावर जखडून ठेवत. त्यामुळे पायात रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात, न्यूमोनिया होई. आणि याचा सर्वाधिक फटका वृद्धांना बसे. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ साली चौसष्टाव्या वर्षी झटका आला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगले. झटका म्हणजे कर्त्या आयुष्याचा शेवट, हा समज त्यांच्या उदाहरणाने बराच सैल केला.

साठच्या दशकात डेस्मंड ज्युलियन यांच्या कल्पनेतून हृदयरुग्णांचे स्वतंत्र अतिदक्षता विभाग आले. ठोके अचानक बिघडून होणारे मृत्यू त्यांनी कमी केले. पण रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकदच गेली असेल, तर या विभागांना फारसे काही करता येत नव्हते.

खरा बदल गुठळी विरघळवण्याच्या औषधाने झाला. इटलीतील ‘गिसी’ चाचणीत (१९८६) स्ट्रेप्टोकायनेजमुळे रुग्णालयातील मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले; मात्र चौथ्या श्रेणीतले सुमारे ७० टक्के रुग्ण औषध देऊनही दगावले. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज एकत्र दिल्यावर पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू १३.२ वरून ८ टक्क्यांवर आले. या चाचणीने वयाची वरची मर्यादा ठेवलीच नव्हती, आणि हे तिचे मोठेपण आहे. कारण १९९२ साली झालेल्या एका आढाव्यानुसार झटक्यावरील औषधांच्या ६० टक्क्यांहून अधिक चाचण्यांनी पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांना वगळले होते. ज्या वयात मृत्यू अधिक, त्याच वयाविषयी पुरावा सर्वांत तुटपुंजा होता.

त्याचे परिणाम रोजच्या उपचारांत दिसले. अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारित १९९८ च्या अभ्यासात केवळ ३४ टक्के रुग्णांना घरी जाताना बीटा-ब्लॉकर हे हृदयावरचा ताण कमी करणारे औषध दिल्याचे आढळले, आणि वृद्ध त्यात मागे होते. औषध झेपणार नाही, ही भीती पूर्ण निराधार नव्हती. पण हिशेब उलट्या बाजूने मांडायला हवा होता. धोका एक-पंचमांशाने घटवणारे औषध शंभरात पाच मृत्यू होणाऱ्या गटात एक जीव वाचवते, तर पंचवीस मृत्यू होणाऱ्या गटात पाच. हृदय थकलेल्या रुग्णांसाठी रॅमिप्रिल या औषधाने हेच दाखवले. ब्रिटनमधील ६०३ रुग्णांचा सुमारे पाच वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ३८.९ टक्के मरण पावले होते.

वयाचा प्रश्न सर्वांत धारदार झाला तो ‘शॉक’ चाचणीत. ज्युडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीचे निष्कर्ष १९९९ साली आले. कार्डिओजेनिक शॉकमधील ३०२ रुग्णांपैकी निम्म्यांना तातडीने अँजिओप्लास्टी किंवा बायपास, उरलेल्यांना आधी औषधोपचार, अशी विभागणी होती. महिन्याभरानंतरचा फरक निर्णायक नव्हता. वर्षानंतर मात्र पहिल्या गटातील ४६.७ टक्के आणि दुसऱ्यातील ३३.६ टक्के रुग्ण हयात होते. सहा वर्षांनंतर ३२.८ आणि १९.६ टक्के. रुग्णालयातून जिवंत बाहेर पडलेल्यांपुरते पाहिले तर सहा वर्षांनी पहिल्या गटातील ६२ टक्क्यांहून अधिक जण हयात होते. शॉकची खरी परीक्षा पहिल्या काही आठवड्यांतच असते; त्यातून तरलेल्यांना पुढे बरीच वर्षे मिळतात.

पंचाहत्तरीपुढच्या ५६ जणांमध्ये चित्र उलटे होते: तातडीच्या उपचारांच्या गटात ७५ टक्के, तर औषधांच्या गटात ५३ टक्के महिन्याभरात दगावले. एवढ्या छोट्या गटावरून पुढे मार्गदर्शक तत्त्वे ठरली आणि अमेरिकेतील शिफारस पंचाहत्तरीखालच्यांपुरती राहिली. नंतरच्या छाननीत दिसले, की दोन्ही गटांतील वृद्धांच्या हृदयाची ताकद मुळातच सारखी नव्हती. चाचणीसोबत ठेवलेल्या नोंदवहीत तर तातडीचे उपचार मिळालेल्या वृद्धांपैकी ४८ टक्के आणि इतरांपैकी ८१ टक्के दगावले होते. हे वृद्ध डॉक्टरांनी निवडलेले, म्हणजे बहुधा जास्त धडधाकट होते, हे मान्य करूनही निव्वळ वयावरून दार बंद करणे गैर होते, हे स्पष्ट झाले. २००४ साली शिफारस सैल झाली आणि २०१३ मध्ये वयाची अट गेली.

पुढची प्रगती संथ आहे. जर्मनीतील ‘आयएबीपी-शॉक २’ चाचणीत (२०१२) रुग्णांचे मध्यक वय सत्तर होते. महाधमनीत बसवायच्या फुग्याने जीव वाचला नाही, आणि सहा वर्षांत दोन्ही गटांतील जवळपास दोन-तृतीयांश रुग्ण गेले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना मात्र रोजच्या कामात फारशी धाप लागत नव्हती.

आरंभीचे उपचार दीर्घकाळ पुरतात, हे दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले. १९९४ ते १९९६ दरम्यान झटका आलेल्या पासष्टीपुढच्या सुमारे १ लाख २० हजार अमेरिकी रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला गेला. चांगली कामगिरी असलेल्या रुग्णालयांतील रुग्ण सरासरी ०.७४ ते १.१४ वर्षे जास्त जगले, आणि हा लाभ पहिल्या महिन्यातच मिळालेला होता.

धमनी सहसा पूर्ण बंद होत नाही अशा झटक्यात मात्र वृद्धांसाठी अँजिओग्राफीचा लाभ मर्यादित दिसतो. ब्रिटनमधील ‘सीनियर-रीटा’ चाचणीत (२०२४) सरासरी ८२ वर्षांच्या १,५१८ रुग्णांमध्ये दुसरा झटका टळण्याचे प्रमाण वाढले, आयुष्य वाढले नाही. म्हणून आता वयापेक्षा चालण्याचा वेग, वजनातील घट, स्मरणशक्ती, मूत्रपिंडाची स्थिती आणि रुग्णाची स्वतःची इच्छा यांची नोंद आधी घेतली जाते. घरी परतल्यावर देखरेखीखालचा व्यायाम आणि औषधांची नियमितता पुढची वर्षे ठरवतात. पण वृद्धांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, अशा पुनर्वसन कार्यक्रमांकडे आजही सर्वांत कमी पाठवले जाते.