सकाळची खडखड

सुट्टीत रायपूरला घरी गेलो, तर बाबांची जुनी वॅगन आर सकाळी सुरू करताच दोन-तीन सेकंद खडखडायची. चार दिवसांनी नागपूरला जायचे होते. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. डिपस्टिक काढली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली आणि काळे. (बदलायचे आम्हीच विसरलो होतो.) ऑइल, फिल्टर बदलले तरी आवाज राहिलाच. मिस्त्रीकाकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चेन कव्हरवर आणि मूठ कानाला लावली. आवाज तिथलाच होता. उघडल्यावर गाइडला खाच पडलेली दिसली. सैल चेन दात सोडून घसरली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो, म्हणून चेन, गाइड, टेन्शनर एकदमच बदलले. मग क्रँक पान्याने दोन फेऱ्या फिरवला, म्हणजे कॅमची एक फेरी झाली, आणि खुणा पुन्हा जुळल्या. आम्ही ठरल्या दिवशीच नागपूरला निघालो.