तुकड्यातुकड्यांनी आलेली फाइल
(लेखांक ७)

मेल सर्व्हरपाशी बसलेला अँटिव्हायरस अटॅचमेंट उलगडून आतला मजकूर आपल्याकडच्या खुणांशी कसा ताडून पाहतो, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. या कामात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे फाइल त्याच्या हाती अख्खी येणार. तशी ती आलीच नाही तर?

नेथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये अटॅचमेंट जोडण्याची 'माइम' ही पद्धत मांडली, तेव्हा वाटेतले कित्येक सर्व्हर मोठं पत्र घेतच नसत. म्हणून माइममध्ये 'मेसेज/पार्शल' हा प्रकार आला. पत्र पाठवतानाच कापायचं आणि प्रत्येक तुकड्यावर सामाईक ओळख व त्या तुकड्याचा क्रमांक घालायचा. सगळे तुकडे पोचले की घेणाऱ्याचा प्रोग्रॅम ते जोडून मूळ पत्र उभं करतो. आउटलुक एक्सप्रेसमध्ये ही सोय खात्याच्या सेटिंगमध्येच होती. अमुक केबीपेक्षा मोठं पत्र तोडा, एवढीच टिकमार्क करायची.

त्याच टिकमार्कने मेलवरचा पहारा चुकवता येतो, हे सप्टेंबर २००२ मध्ये उघड झालं. फाइलचं नाव आणि प्रकार फक्त पहिल्या तुकड्यात असतो. पुढचे तुकडे म्हणजे निव्वळ अक्षरांची रांग. फाडलेल्या चिठ्ठीचा एकेक कपटा वेगवेगळ्या माणसाला दाखवावा, तसं होतं. व्हायरसची खूण दोन तुकड्यांत विभागली गेली की ती कुठेच पूर्ण दिसत नाही. अनेक गाळण्या असे तुकडे तपासल्याविनाच पुढे सोडत. जोडणी व्हायची ती थेट वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर, पहाऱ्याच्या अलीकडे.

मग सर्व्हरनेच तुकडे जोडून का तपासू नयेत? करता येतं, पण ते दिसतं तितकं सोपं नाही. एकूण तुकडे किती, हे शेवटच्या तुकड्यावरच सांगायचं बंधन आहे आणि तुकडे उलटसुलट क्रमाने येऊ शकतात. मोठ्या संस्थेत टपाल घेणारे सर्व्हर अनेक असतात, तेव्हा पहिला तुकडा एकाकडे आणि दुसरा भलत्याकडेच जातो. शिवाय येणारे तुकडे किती दिवस सांभाळायचे? कुणी मुद्दाम शेवटचा तुकडा पाठवलाच नाही, तर डिस्क अर्धवट पत्रांनी भरून जाते. म्हणजे बचावासाठी केलेली सोयच हल्ल्याची वाट होते.

त्यामुळे बहुतेकांनी सरळ नकाराचा मार्ग धरला. 'माइमडिफँग' या गाळणीबरोबर येणाऱ्या नमुना नियमांतच मेसेज/पार्शल परत पाठवण्याची तजवीज आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. आज मोठी फाइल द्यायची तर लिंक पाठवतात, त्यामुळे या प्रकाराचे प्रामाणिक गिऱ्हाईक फारसे उरलेले नाही. आपल्या संस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एवढंच विचारा, हा नियम चालू आहे ना? जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जाताना असले नियम हमखास मागे राहतात.

कापण्याची युक्ती मात्र माइमपुरती नव्हती. रार फाइलचे 'पार्ट१', 'पार्ट२' असे भाग वेगवेगळ्या मेलमधून पाठवता येतात. यात जोडणी प्रोग्रॅम आपोआप करत नाही, ती वापरणाऱ्याला करावी लागते, आणि म्हणून पत्रात त्याला ती कशी करायची हे गोड शब्दांत समजावलेलं असतं. अशा फाइलवर पासवर्डही असला तर काय, ते पुढच्या आठवड्यात.