वळणाची पट्टी

चालत्या जहाजाचं सुकाणू फिरवलं, तरी ते लगेच वळत नाही. मागचा भाग आधी बाहेर सरकतो, जहाज काही अंतर जुन्याच दिशेने जातं, मग वर्तुळात शिरतं. वळता वळता वेगही घटतो. टेबलावरच्या युद्धखेळातलं प्लॅस्टिकचं जहाज मात्र चिमटीत उचलून हवं तिथे ठेवता येतं. चिमटीचं हे स्वातंत्र्य काढून घेते ती वळणाची पट्टी. या खेळांची सगळी खुमारी मला तिच्यातच दिसते.

आंद्रेआ अँजोलिनो आणि पिएर जॉर्जो पाल्या या इटालियन जोडीने 2004 मध्ये ‘विंग्ज ऑफ वॉर’ या विमानांच्या खेळात प्रत्येक पत्त्यावर एक बाण छापला. बाण जिथे संपेल तिथे विमान; पत्ताच पट्टी झाला. टेबलावर घरं आखायची गरजच उरली नाही. पुढे 2013 मध्ये ‘सेल्स ऑफ ग्लोरी’त शिडाच्या युद्धनौकाही पत्त्यांवर चालू लागल्या.

‘एक्स-विंग’मध्ये (2012) जहाजं अंतराळातली आहेत, पण अडचण समुद्रातलीच. त्यात 11 पट्ट्या: पाच सरळ, तीन 45 अंशांच्या, तीन 90 अंशांच्या. पट्टी जहाजाच्या बैठकीच्या पुढच्या कडेला लावायची आणि जहाज उचलून तिच्या दुसऱ्या टोकापलीकडे ठेवायचं. इथे एक गंमत घडते. सर्वांत आखूड सरळ पट्टी 40 मिलिमीटरची आणि लहान जहाजाची बैठकही तेवढीच. म्हणून जहाज प्रत्यक्षात 80 मिलिमीटर सरकतं. मोठ्या जहाजाची बैठक 80 ची, म्हणून तीच पट्टी त्याला 120 मिलिमीटर पुढे नेते. अवजड जहाज जास्त पल्ला मारतं! पट्टी आखणाऱ्याने बैठक हा पट्टीचाच भाग धरला पाहिजे, तो यासाठी.

मला अधिक भावतं ते ‘स्टार वॉर्स: आर्माडा’चं (2015) अवजार. सुट्या पट्ट्या नाहीत. सांध्यांनी जोडलेली एकच लांब पट्टी, आणि प्रत्येक सांधा टकटक आवाज करत ठरावीक कोनात बसतो. वेग जितका, तितके सांधे वापरायचे. कुठल्या सांध्यावर किती टक वळायचं, ते जहाजाच्या पत्त्यावर छापलेलं असतं. चपळ कॉर्व्हेट चारच्या वेगापर्यंत जाते, व्हिक्टरी वर्गाचं अजस्र जहाज दोनवरच थांबतं. एक टक जादा हवा असेल तर सुकाणूचा हुकूम लागतो, आणि व्हिक्टरीच्या कप्तानाला तीन फेऱ्यांचे हुकूम आधीच लावून ठेवावे लागतात. जहाजाचं वजन असं खेळाडूच्या डोक्यात उतरतं. सुकाणूमागचा तो उशीर इतक्या नेमकेपणाने पकडणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

घरी अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून घेणाऱ्यांनी ती बैठकीला जिथे बसते त्या खाचेकडे नीट लक्ष द्यावं. लेझर कापताना थोडं साहित्य जाळतो, म्हणून खाच आखली त्याहून रुंद होते आणि पट्टी तिच्यात हलते. एका अंशाचा ढिलेपणा 200 मिलिमीटरवर साडेतीन मिलिमीटरची चूक करतो, आणि प्रत्येक चालीला तीत भर पडते. खाच किंचित अरुंद आखावी आणि कानशीने घासत घासत बसवावी.