सूचना तीच, वजन वेगळे

‘मला आपलं वाटतं, रात्रपाळीला आणखी एक सिस्टर असावी,’ असे रुग्णालयाच्या बैठकीत मेट्रन सुचवतात. पाच मिनिटांनी प्रशासकीय अधिकारी म्हणतात, ‘रात्रपाळीला आणखी एक सिस्टर लागेल.’ इतिवृत्तात नाव अधिकाऱ्याचे येते. असे अनुभव कार्यालयांतही नवे नाहीत. त्यावर ‘बायकांनी ठाम बोलावे’ असा सल्ला हमखास मिळतो. पण तेवढ्याने काम भागते का?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा कार्ली यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना एकच मजकूर ऐकवण्यात आला. आवाज कधी स्त्रीचा, कधी पुरुषाचा. भाषा कधी ठाम, कधी चाचरती. पुरुषाच्या प्रभावात भाषेमुळे फरक पडला नाही. स्त्रीचे चाचरते बोलणे मात्र पुरुष श्रोत्यांना अधिक पटले, स्त्रियांना कमी. येल विद्यापीठातील व्हिक्टोरिया ब्रेस्कोल यांच्या २०११ मधील अभ्यासात लोकांना काल्पनिक कंपनीप्रमुखांची वर्णने दिली होती. जास्त बोलणारा पुरुष अधिक सक्षम ठरला, जास्त बोलणारी स्त्री कमी सक्षम. असे मत देणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. म्हणजे दोष केवळ बोलणारीच्या शैलीत नाही, ऐकणाऱ्यांच्या अपेक्षांतही आहे.

रुग्णालयात हा प्रश्न मानापमानापुरता राहत नाही. दबकत दिलेली सूचना कानाआड झाली, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणूनच अनेक ठिकाणी ‘एसबार’ ही पद्धत वापरतात. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत आहे. आधी सद्यस्थिती, मग पार्श्वभूमी, मग स्वतःचा अंदाज आणि शेवटी काय हवे, हा तिचा क्रम. ‘खाट सातच्या रुग्णाचा वरचा रक्तदाब ८० आहे. दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. आत रक्तस्राव होत असावा. तुम्ही लगेच या.’ सगळ्यांनी याच क्रमाने बोलायचे असते, त्यामुळे ठाम बोलणारी सिस्टर ‘आगाऊ’ ठरण्याचा धोका कमी होतो.

कार्यालयांनाही असे नियम करता येतील. बैठकीत प्रत्येकाला पाळीपाळीने विचारावे, मध्येच तोडू नये आणि सूचना पहिल्यांदा करणाऱ्याच्याच नावे नोंदवावी. आवाज चढवण्याचे प्रशिक्षण देण्याआधी ऐकण्याची शिस्त लावलेली बरी.