जुन्या विहारनौकेचा विमा आणि उभयमान्य मूल्य : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि नौका येथे अपरिचित नाही. सरदार सरोवराचा जलाशय सप्टेंबर २०१९ मध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस प्रथमच पोहोचला. अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली असून नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांना दळणवळणासाठी नौकेचाच आधार घ्यावा लागतो. प्रकाशे व सारंगखेडा येथील बॅरेजमुळे तापीच्या पात्रात पाणी साठते, तर तोरणमाळचा यशवंत तलाव नौकाविहारासाठी पर्यटकांना आकर्षित करतो. अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षे वापरलेली फायबरची नौका विम्यासाठी पुढे आली, की पहिलाच प्रश्न उपस्थित होतो : हिची किंमत किती धरावयाची? हा प्रश्न नौका बुडण्यापूर्वी सोडवावा की बुडाल्यानंतर, यावरच विम्याची उपयुक्तता अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केला आहे.

मूल्याचा प्रश्न

मोटारीच्या विम्यात हा प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे. मोटारीच्या सूचीकिमतीतून वयानुसार ठरावीक घसारा वजा करून विमित घोषित मूल्य काढले जाते. परंतु वाहन पाच वर्षांहून जुने झाले, की तेथेही कोष्टक संपते आणि मूल्य विमाकर्ता व विमेदार यांच्या संमतीने ठरते. नौकेसाठी असे सर्वमान्य कोष्टक नाही. शिवाय नंदुरबारसारख्या जिल्ह्यात जुन्या विहारनौकांचा बाजारच नसल्याने 'बाजारभाव' हा शब्द जवळजवळ अर्थशून्य ठरतो. किनाऱ्यावरील जुन्या नौकेचा भाव पुरावा म्हणून घ्यावा, तर त्यात ती ट्रकवर चढवून तोरणमाळच्या घाटातून वर नेण्याचा खर्च अंतर्भूत नसतो.

मूल्यांकित व अमूल्यांकित पॉलिसी

भारतीय सागरी विमा अधिनियम, १९६३ हा इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्यावर आधारलेला आहे. त्याच्या कलम २९ नुसार ज्या पॉलिसीत विमाविषयाचे उभयमान्य मूल्य नमूद केलेले असते ती मूल्यांकित पॉलिसी होय. लबाडी नसेल, तर हे मूल्य दोन्ही पक्षांवर निर्णायकपणे बंधनकारक असते. मग हानी संपूर्ण असो वा अंशतः. कलम ३० मधील अमूल्यांकित पॉलिसीत मूल्य नंतर ठरवावयाचे असते व विमा रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते. येथील अडचण सूक्ष्म आहे. सिद्ध करावयाचे ते जोखीम सुरू झाली त्या वेळचे मूल्य. पण सिद्ध करावयाचे हानीनंतर, म्हणजे नौका तळाशी गेलेली असताना!

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नौकेची विमा रक्कम २,००,००० रुपये आहे. हानीनंतर तिचे मूळ मूल्य ३,००,००० रुपये ठरले. दुरुस्तीचा खर्च ६०,००० रुपये आला, तर न्यून विम्याच्या तत्त्वानुसार एकतृतीयांश भाग मालकाने स्वतःच सोसावयाचा. त्याला ४०,००० रुपयेच मिळतील. याउलट, तीच नौका संपूर्ण नष्ट झाली व तिचे मूल्य १,२०,००० रुपये ठरले, तर २,००,००० रुपयांवर हप्ता भरूनही त्याच्या हाती १,२०,००० रुपयेच पडतील. मूल्य आधीच मान्य करून तेवढ्याच रकमेचा विमा उतरविलेला असल्यास हे दोन्ही वाद उद्भवत नाहीत.

केवळ 'विमा रक्कम' असा शब्दप्रयोग पुरेसा नाही, हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे. इंग्लंडमधील व्यापारी न्यायालयाने २००० साली कायझुना इन्व्हेस्टमेंट्स प्रकरणात एका यॉटच्या पॉलिसीतील 'विमा रक्कम' हा उल्लेख म्हणजे मान्य मूल्य नव्हे, असा निर्णय दिला. म्हणून 'उभयमान्य मूल्य' हे शब्द पॉलिसीच्या अनुसूचीत स्पष्टपणे असावयास हवेत.

अंतर्गत जलाशयातील नौकेला सागरी कायदा लागू होतो काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कलम ४ अन्वये सागरी साहसाशी सदृश अशा साहसाचा विमा सागरी पॉलिसीच्या नमुन्यात उतरविला असेल, तर कायद्याच्या तरतुदी शक्य तितक्या लागू होतात. नमुना वेगळा असेल, तर कराराचे शब्द हाच मुख्य आधार. दोन्ही स्थितींत शब्दांचे महत्त्व कमी होत नाही.

मूल्य ठरविण्याची रीत

मान्य मूल्य म्हणजे मनाला येईल तो आकडा नव्हे. कलम १९ व २० नुसार विमा हा परम सद्भावावर आधारलेला करार असून विमेदाराने सर्व महत्त्वाची माहिती उघड केली पाहिजे. अवाजवी फुगविलेले मूल्य ही स्वतःच उघड करण्याजोगी बाब आहे, हे तत्त्व इंग्लंडमध्ये आयोनिडीस विरुद्ध पेंडर (१८७४) या खटल्यापासून प्रस्थापित आहे. ते लपविल्यास पॉलिसीच रद्दबातल ठरू शकते.

याकरिता मालकाने पुढील कागद जमविणे इष्ट ठरते : परवानाधारक सर्वेक्षकाचा नौकेच्या स्थितीविषयीचा अहवाल, इंजिनाची बनावट, अश्वशक्ती व वय, दुरुस्तीची बिले, दिनांकित छायाचित्रे, आणि तशाच नव्या नौकेचे वाहतूकखर्चासह दरपत्रक. नव्या नौकेच्या किमतीतून वय व झीज वजा केल्यावर उरणारा आकडा दोन्ही पक्षांना तर्कशुद्ध वाटू शकतो. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी तो तपासावा. इंजिन बदलल्यास वाढवावा, सांगाड्याची झीज झाली असल्यास घटवावा.

अटींकडे लक्ष

मूल्य मान्य झाले तरी अंशतः हानीत काही भागांवर 'जुन्याऐवजी नवे' म्हणून कपात होऊ शकते. लंडनच्या १९८५ च्या यॉटविषयक प्रमाण अटींनुसार आउटबोर्ड इंजिन निसटून पाण्यात पडले, तर भरपाई मिळत नाही. ते चोरीस गेल्यास नेहमीच्या पकडीखेरीज वेगळे चोरीरोधक कुलूप असणे आवश्यक असते. नौका वर्षातील किती काळ पाण्यात व किती काळ बांधून ठेवलेली असेल, हेही नमूद करावे लागते. पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे उघडले जातात, त्या काळाचा विचार येथील मालकाने मुद्दाम करावा.

प्रवाशांचे काय?

नौकेच्या मूल्याचा विमा मालकाचे नुकसान भरून काढतो, प्रवाशाचे नव्हे. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत नाव उलटून जीवितहानी झाली. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. अशा प्रसंगी त्रयस्थ पक्षाच्या दायित्वाचा विमाच उपयोगी पडतो. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने यांत्रिक जलयानांसाठी नोंदणी, सर्वेक्षण व विमा यांची तरतूद केली आहे. विद्यार्थ्यांची सहल नेणाऱ्या प्राध्यापकांनी नौकेत पाऊल ठेवण्यापूर्वी सर्वेक्षणाचा दाखला, मान्य प्रवासीसंख्या आणि दायित्वाची पॉलिसी पाहण्याचा आग्रह धरावा.

निष्कर्ष

जुन्या नौकेच्या विम्यात वाद टळत नाही. तो कधी घालावयाचा एवढेच आपल्या हाती असते. बाजार नसलेल्या जिल्ह्यात तो आधी, कागदपत्रे समोर ठेवून आणि नौका डोळ्यांसमोर असतानाच घालणे श्रेयस्कर होय. प्रामाणिकपणे ठरविलेले उभयमान्य मूल्य आणि त्यासोबत प्रवाशांच्या दायित्वाचा स्वतंत्र विमा, या दोहोंनीच विमासंरक्षण पूर्ण होते. यांपैकी एकावर विसंबून दुसऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास मालक अथवा प्रवासी यांपैकी एक जण निश्चितपणे उघड्यावर पडतो.