भातखाचराच्या बांधातील बिऱ्हाडकरू

कोकणातील भातखाचरांत ज्याचा अंमल चालतो तो उंदीर घरातल्या उंदराहून निराळा, घुशीच्या कुळातला, शास्त्रज्ञ ज्यास ‘बँडिकोटा बेंगालेन्सिस’ म्हणतात तो होय. खाचरात पाणी भरले की बांध हीच काय ती कोरडी जमीन उरते. साहजिकच बांध जितका रुंद तितकी त्याच्या बिऱ्हाडाची सोय अधिक. बिळाचे तोंड मातीने बुजवून आत बहुधा एकेकटा राहणारा हा प्राणी पोहण्यातही तरबेज असतो. रात्री तो भाताची ताटे बुडापाशी तिरकी छाटतो, आणि दाणा भरला म्हणजे लोंब्याच्या लोंब्या बिळातील कोठारांत नेऊन साठवतो. सरकारी वसुलाच्याही आधीची ही वसुली! कातकरी मंडळी अशी बिळे खणून उंदराबरोबर ते धान्यही हस्तगत करीत. सुमारे 23 दिवसांच्या गर्भावधीनंतर मादी एका वेळी साधारण 6 ते 8 पिल्ले देते. धामण आणि गव्हाणी घुबड हे त्याचे निसर्गदत्त शत्रू. त्यांस ठार मारून वर विषाची तजवीज करण्याचा आपला व्यवहार मला तरी अनाकलनीय वाटतो. त्यापेक्षा बांध अरुंद राखावेत आणि लावणी गावाने एकाच सुमारास उरकावी, कारण शेते मागेपुढे पिकली तर उंदरांचा विणीचा हंगामही तितकाच लांबतो.