गेममध्ये पळताना मळमळतं, ते पोट कच्चं म्हणून नव्हे

माइनक्राफ्टमध्ये थोडा वेळ भटकलं की काही मुलं गप्प होतात. कपाळावर घाम, तोंडाला पाणी, मग उलटीची भावना. घरचं निदान ठरलेलं असतं: पोट कच्चं आहे, नाहीतर डोळे कमजोर झालेत.

मूळ बहुधा कानात असतं. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याची नोंद घेतात, शेजारचे दोन छोटे कोश सरळ रेषेतली हालचाल टिपतात. पात्राच्या डोळ्यांनी जग दाखवणाऱ्या गेममध्ये सगळं दृश्य सरकतं. डोळे सांगतात, आपण धावतोय. कान सांगतात, खुर्चीत बसलोय. या विसंगतीमुळे मळमळतं, हे सर्वांत मान्य स्पष्टीकरण. घाटात एसटीत बसून मोबाइल वाचताना विसंगती नेमकी उलटी असते: कान सांगतात, आपण हलतोय; डोळे सांगतात, स्थिर आहोत. दोन्ही कानांची ही संतुलनयंत्रणा पूर्ण निकामी झालेल्यांना गाडी सहसा लागतच नाही. तेव्हा मळमळणाऱ्या मुलाला नाजूक म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचे कान चोख काम करताहेत.

हे फक्त व्हीआर हेडसेटमुळे होतं, असंही नाही. 1993 च्या ‘डूम’ या गेमने साध्या मॉनिटरवरही लोकांना हैराण केलं होतं. शेजारी बसून नुसतं बघणाऱ्याला तर अनेकदा जास्त त्रास होतो, कारण पुढचं वळण कधी येणार हे त्याला ठाऊक नसतं.

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘रेटून खेळ, सवय होईल’. सवय होते, पण थोडं खेळून, त्रास सुरू होताच थांबलं तर. रेटल्यावर मळमळ गेम बंद केल्यानंतरही तासन्‌तास टिकू शकते.

त्यापेक्षा सेटिंग्ज उघडा. माइनक्राफ्टमध्ये ‘व्ह्यू बॉबिंग’ बंद केलं की चालताना दृश्य हिंदकळत नाही. दृश्याचा कोन, म्हणजे ‘एफओव्ही’, मुळात 70 अंश असतो. मॉनिटरजवळ बसणाऱ्या बऱ्याच जणांना तो 90 च्या आसपास नेल्यावर बरं वाटतं. इतर गेममध्ये ‘मोशन ब्लर’ही बंद करा. 2008 च्या ‘मिरर्स एज’मध्ये तर नजर टेकवायला पडद्याच्या मध्यावर एक ठिपकाच दिला होता. खोलीत दिवा लावा, थोडं मागे सरका.

प्रवासातल्या उलटीच्या गोळ्यांनी झोप येते. खेळासाठी मुलांना त्या परस्पर देऊ नका. आणि गेम न खेळताही गरगरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.